पावडरचा दाणा अडला, की पंपाच्या स्लीव्हचं कोटिंग फसतं

उपसा सिंचनाच्या मोठ्या पंपात ग्लँडची दोरी ज्या स्लीव्हवर घासते, ती स्लीव्ह गढूळ पाण्यातल्या वाळूने लवकर झिजते. मग कितीही दोरी भरा, गळती थांबत नाही. म्हणून अशा स्लीव्हवर क्रोमियम ऑक्साइड या अतिशय कठीण सिरॅमिकचं कोटिंग देतात. ते देण्याची एक पद्धत म्हणजे प्लाझ्मा स्प्रे.

यात गनमध्ये विजेच्या आर्कने आर्गॉनसारखा वायू १०,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. त्या झोतात बारीक पावडर सोडतात. दाणे क्षणात वितळतात, स्लीव्हवर आदळून चपटे होतात आणि थरावर थर बसतो. पण पावडर एकसारखी पडली तरच.

चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्वच्छ ज्वारी सरसर उतरते. त्यात काडीकचरा आला की नळी तुंबते आणि तासात मोकळी जागा राहते. पावडरचंही तसंच. गोल दाणे एकमेकांवरून घरंगळतात, टोकदार दाणे एकमेकांत अडकतात. मग पावडर कधी थांबते, तर कधी एकदम लोंढ्याने येते. लोंढा आला की सगळ्या दाण्यांना उष्णता पुरत नाही. काही अर्धवट वितळलेलेच चिकटतात, मध्ये छिद्रं राहतात. त्या छिद्रांतून पाणी खालच्या धातूपर्यंत पोचतं, गंज धरतो आणि कोटिंगचे पापुद्रे सुटतात.

दाण्याचा आकार ठरतो पावडर बनवतानाच. वितळलेला धातू वायूच्या फवाऱ्याने फोडला तर दाणा गोल होतो, पाण्याने फोडला तर वेडावाकडा. सिरॅमिक वितळवून, थंड करून कुटलं की दाणे टोकदार निघतात. क्रोमियम ऑक्साइडची पावडर बऱ्याचदा अशीच असते. म्हणून ती वाईट, असं मात्र नाही. नीट चाळलेली आणि कोरडी असेल तर ती चालते. उलट दाणा गोल असूनही मैद्यासारखा बारीक असेल तर चिकटून बसतो. दमट हवेत तर जास्तच.

धातूच्या पावडरची तपासणी साधी आहे. अडीच मिलिमीटर भोकाच्या नरसाळ्यातून ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत खाली येते, ते मोजतात.

स्लीव्ह कोटिंगला देताना वर्कशॉपवाल्याला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: पावडर वापरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवता का, आणि कोटिंगनंतर छिद्रं बुजवायला सीलर लावता का?