पॉवरशेलमधून व्यवस्थापन-मेथड्सचे आवाहन: परत येणाऱ्या अंकाचा अर्थ

काशीगावसारख्या उपनगरातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक अनेक असतात. ते सांभाळणारा कर्मचारी मात्र बहुधा एकच. प्रत्येक संगणकापाशी न जाता काम करवून घेण्याची सोय विंडोजच्या डब्ल्यूएमआय या व्यवस्थापन-यंत्रणेत आहे. त्यासाठी पॉवरशेलच्या २००९ मधील दुसऱ्या आवृत्तीत इन्व्होक-डब्ल्यूएमआयमेथड ही आज्ञा आली. तिला मूल्ये क्रमाने द्यावी लागतात, आणि तो क्रम मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातील क्रमाशी जुळेलच असे नाही. तिसऱ्या आवृत्तीतील (२०१२) इन्व्होक-सिममेथड मूल्ये नावानिशी घेते, तीच वापरावी. पहिली आज्ञा सहाव्या आवृत्तीपासून वगळलीच आहे.

खरी मेख उत्तरात आहे. विन३२_प्रोसेस या वर्गाची क्रिएट ही मेथड अयशस्वी झाली तरी पडद्यावर लाल अक्षरे उमटतीलच असे नाही. रिटर्नव्हॅल्यू या नावाने केवळ एक अंक परत येतो. २ म्हणजे प्रवेश नाकारला, ९ म्हणजे मार्ग सापडला नाही. ० आला तरी प्रक्रिया सुरू झाली, एवढेच सिद्ध होते. दूरच्या संगणकावर तिची खिडकी कोणाला दिसत नाही. संमती विचारणारा इन्स्टॉलर तेथे उत्तराची वाट पाहत अडून राहतो. म्हणून सोबत मिळालेल्या प्रोसेसआयडीवरून ती प्रक्रिया संपली की अजून चालू आहे, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.