पर्यायी गुरुत्वाकर्षण : वेरूळकडून औंढ्याकडे

मराठवाडा-विदर्भातल्या महाविद्यालयांच्या गणित विभागांत गेली कित्येक वर्षं एक उद्योग निमूटपणे चालू आहे : आइन्स्टाइनच्या समीकरणांना पर्याय घेऊन विश्वाची प्रारूपं मांडण्याचा. ब्रान्स-डिकी (१९६१), साएझ-बॅलेस्टर (१९८६), २०११ चा एफ(आर, टी) अशी या पर्यायी सिद्धांतांची ठरलेली नावं. ना दुर्बीण लागते, ना प्रयोगशाळा. टेन्सरचं गणित हाताखाली असलं, की खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही हे काम होतं. त्याला नाकं मुरडायचं कारण नाही. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये स्वतःचा गुरुत्वाकर्षण सिद्धांत मांडणारे जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले होते.

या प्रारूपांवरच्या शोधनिबंधांत ‘अवस्थांतर’ हा शब्द फार येतो. बहुतेकदा अर्थ एवढाच, की विश्वप्रसरणाचा वेग आधी मंदावत होता आणि सुमारे पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी वाढू लागला. मंदन-गुणांकाचं चिन्ह धनाचं ऋण झालं. पण काळाचा एकाहून लहान घात आणि घातांकी वाढ यांचा गुणाकार प्रसरणासाठी आधीच गृहीत धरला, तर हे चिन्ह पुढे बदलायचंच. उत्तर ठरवून मांडलेलं गणित ते! पदोन्नतीच्या गुणांना पुरतं, निसर्गाला नाही.

खरं अवस्थांतर १९९३ मध्ये थिबो दामूर आणि जिल एस्पोझितो-फारेझ यांनी दाखवलं. तापलेलं लोखंड ७७० अंश सेल्सिअसखाली आलं, की त्यातले अणुचुंबक आपसूक एका दिशेला वळतात. तसंच काही पर्यायी सिद्धांतांत न्यूट्रॉन तारा ठरावीक घनतेपलीकडे गेला, की त्याच्याभोवती एक नवं अदिश क्षेत्र एकाएकी उभं राहतं. सूर्याजवळ त्याचा मागमूस नसतो, त्यामुळे सौरमालेतल्या सगळ्या परीक्षांत असा सिद्धांत आइन्स्टाइनच्या बरोबरीने पास होतो. मोठा लबाड! पकडायचा तर जोडीने फिरणाऱ्या पल्सारांत, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांत : असं क्षेत्र असेल, तर जास्तीची ऊर्जा बाहेर पडून कक्षा अपेक्षेपेक्षा लवकर आकसेल. वर्षानुवर्षं स्पंदनं मोजूनही ते दिसलेलं नाही, आणि या कल्पनेला आता थोडीच जागा उरली आहे.

दुसरा तडाखा १७ ऑगस्ट २०१७ चा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरणं सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं तुडवून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पोचली. लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा मानणारे कितीतरी सिद्धांत त्या दिवशी निकालात निघाले.

आता ही कसोटी घरापाशी येते आहे. खुलताबाद तालुक्यात वेरूळचं घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग, तसं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ. तिथल्या चार-चार किलोमीटर भुजांच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. ती उभी राहीपर्यंत हात बांधून बसायला नको : अमेरिकेतल्या लायगोची निरीक्षणं सर्वांना फुकट खुली आहेत. आपल्या गणित विभागांनी पुढचं प्रारूप छापायला पाठवण्याआधी ती उघडून पाहावीत.