भिंगाविना प्रतिमा : 'अ‍ॅस्ट्रोसॅट'चा सांकेतिक पडदा आणि पुण्यातील गणन

प्रस्तावना :
कॅमेरा म्हणजे भिंग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि प्रतिमानिर्मितीसाठी भिंग अपरिहार्य नाही. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण काचेच्या भिंगाने एकवटता येत नाहीत; अत्यंत तिरप्या आरशांचा उपायही ऊर्जा वाढेल तसा दुष्कर होतो. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित केलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रहावरील 'सीझेडटीआय' या उपकरणात म्हणूनच भिंगही नाही आणि आरसाही नाही. त्याच्या माहितीवर संस्करण करणारे केंद्र पुण्यातील 'आयुका' या संस्थेत उभारण्यात आले.

तत्त्व :
अंधाऱ्या खोलीच्या झरोक्यातून समोरच्या भिंतीवर बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा पडते. छिद्र लहान असल्यास प्रतिमा रेखीव परंतु अंधुक, मोठे असल्यास उजळ परंतु अस्पष्ट होते. यावर १९६८ साली डिक व एबल्स यांनी स्वतंत्रपणे उपाय सुचविला : एका छिद्राऐवजी अनेक छिद्रांचा पडदा वापरावा. अशा वेळी असंख्य प्रतिमा एकमेकींवर पडून ओळखू न येणारी छाया उमटते; मात्र छिद्रांची मांडणी ज्ञात असल्याने गणिताने मूळ दृश्य परत मिळविता येते.

रचना व गणन :
सीझेडटीआयमध्ये टँटॅलम धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा सच्छिद्र पडदा शोधकापासून सुमारे ४८ सेंटिमीटर उंचीवर आहे. शोधकात ६४ घटक असून प्रत्येकात २५६, म्हणजे एकूण १६,३८४ चित्रकण आहेत. एका चित्रकणाची रुंदी सुमारे अडीच मिलिमीटर आहे. त्यामुळे स्रोताची दिशा सुमारे १८ कलांनी बदलल्यास छाया एका चित्रकणाने सरकते. (पूर्ण चंद्रबिंबाचा व्यास सुमारे ३० कला असतो.) नोंदलेली छाया प्रत्येक संभाव्य दिशेच्या अपेक्षित छायेशी ताडून पाहिली जाते. जेथे मेळ सर्वाधिक, तेथे स्रोत.

मर्यादा :
भिंग प्रत्येक बिंदूचा प्रकाश एकाच ठिकाणी आणते. येथे प्रत्येक स्रोताचे किरण संपूर्ण शोधकावर विखुरतात. परिणामी तेजस्वी स्रोताचा व पार्श्वभूमीचा सांख्यिकीय गोंगाट मंद स्रोतांच्या मापनातही शिरतो. विरळ स्रोतांच्या आकाशास ही पद्धत अनुकूल ठरते. गजबजलेल्या दृश्यास तितकीशी नाही.

निष्कर्ष :
या पद्धतीत उपकरण केवळ छाया नोंदविते. प्रतिमा गणनातून सिद्ध होते. म्हणून पडद्याच्या रचनेइतकेच त्यामागील गणितही कॅमेऱ्याचे अविभाज्य अंग ठरते. भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन शिकवावा असा हा विषय आहे.