आधी कानस, मग तोफ

दहावीचा निकाल लागून महिना उलटला की माझा फोन वाजायला लागतो. रांझी, राइट टाउन, गोलबाजार, खमरिया, कुठून ना कुठून. ‘काका, चिरंजीवांनी आयटीआय घेतलंय.’ हे सांगताना वडिलांचा आवाज खाली उतरतो, मुलगा नापास झाल्याची बातमी द्यावी तसा. ट्रेड कोणता, असं विचारलं तर निम्म्या जणांना ठाऊक नसतं. ‘तेच हो, मशीनचं काहीतरी.’

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. त्यामुळे या विषयात मी मुळीच निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जबलपूरच्या मराठी माणसाने तरी आयटीआयचं नाव घेताना आवाज उतरवू नये. भोसल्यांच्या अमलात इकडे आलेली घराणी सोडा; नागपूर आणि जबलपूर १९५६पर्यंत एकाच प्रांतात होती, आणि त्या काळात नोकरीच्या वाटेने इकडे आलेल्या कितीतरी घरांची चूल फॅक्टरीच्या भोंग्यावर पेटली. १९०४ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, १९६९ची व्हेइकल फॅक्टरी आणि त्यामागून आलेली ग्रे आयर्न फाउंड्री. एप्रिल २०१९मध्ये १५५ मिलिमीटरच्या पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा लष्कराच्या ताब्यात दिल्या गेल्या, त्या याच गावातून. त्या दिवशी सगळ्यांची छाती फुगली होती. तीच माणसं पुढच्या जूनमध्ये फोनवर कुजबुजतात.

आता थोडी आवश्यक माहिती, घाईघाईने. कारागीर प्रशिक्षणाची योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली, शिकाऊ उमेदवारांचा म्हणजे अप्रेंटिसचा कायदा १९६१चा. प्रवेशाला किमान वय १४. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचे. थिअरीची परीक्षा संगणकावर, प्रात्यक्षिकाची वर्कशॉपमध्ये. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, मग अप्रेंटिसशिप. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, म्हणजे वाट तिथेच संपत नाही. झालं. आता मला ज्यावर लिहायचं आहे त्यावर येतो.

ते म्हणजे कानस.

फिटरचा मुलगा सुरुवातीला सुरक्षेचे धडे ऐकतो, अवजारांची नावं पाठ करतो, आणि मग त्याच्या हातात माइल्ड स्टीलचा एक तुकडा आणि एक कानस येते. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि सपाट करायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोबाइलवर रोबोट बघून आलेला पोरगा आठवड्याभरात वैतागतो. घरी येऊन म्हणतो, ‘नुसतं घासायलाच लावतात.’ मुलं आयटीआय सोडतात ती बहुतेक याच दिवसांत, आणि घरच्यांची गरजही याच दिवसांत असते. म्हणून त्यांना हे घासणं काय असतं ते माहीत हवं.

कानस पुढे जाताना कापते. मागे येताना तिच्यावर भार द्यायचा नाही, दिला तर दात मरतात. पुढे जातानाही सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा भार जास्त, मध्यावर दोन्हींचा सारखा, शेवटी मुठीवरच्या उजव्या हाताचा जास्त. हे साधलं नाही तर कानस झुलते आणि तुकडा मधे फुगीर, कडांना उतरता होतो. नवशिक्याचा प्रत्येक तुकडा फुगीरच असतो, माझा होता, तुमच्या मुलाचाही असणार. व्हाइस कोपराच्या उंचीला हवा. डावा पाय पुढे. जोर मनगटातून लावला तर तासाभरात हात गळून जातो. तो खांद्यातून यावा लागतो. मग तुकडा उजेडाकडे धरायचा आणि त्यावर गुण्याचं पातं उभं टेकवायचं. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसकडे.

त्यातल्या खुब्या तर विचारूच नका. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही. बोटाचा घाम लागला की कानस तिथे घसरते, कापत नाही. कानशीला खडू चोळून ठेवला की लोखंडाचा कीस दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. नवी कानस आधी पितळेवर वापरावी, स्टीलवर नंतर. उलट केलं तर ती पितळेला लागतच नाही. आणि मुठीशिवाय कानस कधीही उचलायची नाही, तिच्या शेपटाचं टोक सरळ तळव्यात शिरतं. जुने इन्स्ट्रक्टर हे सगळं डोळे मिटून सांगतात, आणि पाठ फिरवूनही त्यांना आवाजावरून कळतं की कोणाची कानस झुलते आहे.

रांझीतल्या एका घरी मी जेवायला होतो. मुलगा फिटरच्या पहिल्या वर्षाला, वरणभात डाव्या हाताने खात होता. आजीने दटावलं तेव्हा उजवा हात उघडून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड, फुटलेला. आईच्या डोळ्यांत पाणी. ‘ट्रेड बदलून मिळेल का हो, काका? कोपाला टाकू, कॉम्प्युटरपुढे तरी बसेल.’ मी मुलाला विचारलं, तुकडा आहे का एखादा? त्याने दप्तरातून तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बाद झालेला जॉब काढला. त्याचा गुण्या घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. तीन बाजू फुगीर होत्या. चौथ्या बाजूला पात्याखाली उजेड नव्हता. वडील बँकेत, आयुष्यात लोखंडाला हात न लावलेले. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा उजेडात धरला आणि म्हणाले, ‘हे तू केलंस?’ पोरगा ट्रेड बदलायचं काही बोलला नाही. फोड आठ-दहा दिवसांत बरा होतो आणि तिथे घट्टा पडतो.

पुढे मग नर-मादी जोड येतो. एका पत्र्यात चौकोनी खाच, दुसरा चौकोन त्यात बसला पाहिजे, चारही बाजूंनी फिरवून. सूट असते मिलिमीटरच्या चार शतांश भागाची. माणसाचा केस त्याहून जाड असतो. हे कानशीने, हाताने करायचं, आणि सोळा वर्षांची पोरं ते करतात.

कोणी म्हणेल, आता संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आल्यावर हे कशाला? जर्मनीत, जिथे अप्रेंटिसशिपला समाजात मान आहे आणि मुलगा आठवड्याचे बहुतेक दिवस कंपनीत नि एक-दोन दिवस शाळेत असतो, तिथेही धातुकामाच्या शिकाऊ पोरांना सुरुवातीला लोखंडी यू-चॅनेल घासत बसावं लागल्याच्या कथा घरोघरी सांगतात. ‘शक्तिमान’ ट्रकचं तंत्र आपल्या गावात ज्या देशातून आलं, तो हाच देश. मशीनवर प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन शतांश म्हणजे किती हे हाताने ठाऊक असलं की तो स्क्रीनवरच्या आकड्यावर आंधळेपणाने विश्वास ठेवत नाही.

शिवाय यंत्रं जन्मली ती कानशीतूनच. हेन्री मॉडस्ली, जन्म १७७१, वयाच्या बाराव्या वर्षी लंडनजवळच्या वुलिचच्या आर्सेनलमध्ये काडतुसं भरायला लागला. म्हणजे आपल्या खमरियाचाच धंदा! तिथून सुतारखाना, लोहारखाना, आणि अठराव्या वर्षी कुलपं बनवणाऱ्या ब्रामाकडे. कानस चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता असं त्याच्या हाताखालचे लोक लिहून गेलेत. आधुनिक स्क्रू-कटिंग लेथ रूढ केला तो त्याने. त्याच्याकडे काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली सपाट पृष्ठ कसं मिळवायचं ते शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. दोन पत्रे एकमेकांवर जुळवले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते जुळतात. तीन पत्रे आळीपाळीने एकमेकांवर जुळवले तर मात्र तिन्ही सपाट व्हावेच लागतात. ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप आली नव्हती. बायको आजही त्यावरून हसते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. जबलपुरातली धंदेशिक्षणाची जुनी शाळा कोणासाठी होती? ठगांसाठी! कर्नल स्लीमनने ठगांचा बीमोड केला, त्यातले माफीचे साक्षीदार झालेले लोक फाशीतून सुटले खरे, पण त्यांना मोकळं सोडायचं नव्हतं. त्यांना नि त्यांच्या मुलांना इथे ठेवून १८३०च्या दशकाच्या अखेरीस ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ काढली. तिथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू बनायचे. बापाचा धंदा मुलाने उचलू नये म्हणून काढलेली धंद्याची शाळा. हुन्नर शिकणं म्हणजे काहीतरी सुधारगृहाची भानगड, हा आपल्या पांढरपेशांच्या मनातला भाव या शाळेहूनही जुना असावा, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका.

आता घरच्यांनी करायचं काय? पैशाचं फार नाही. प्रवेशाच्या आधी मुलाचे डोळे तपासून घ्या. व्हर्नियरवरची दोन शतांशाची रेघ वाचायची असते, आणि नंबर असलेली पोरं वर्षभर अंदाजाने वाचत राहतात. धनुर्वाताची लस घेऊन ठेवा. चांगले सेफ्टी शूज घ्या, तिथे काटकसर नको. मशीनशॉप सुरू झालं की अंगठी, गळ्यातला गोफ, मनगटाचा लाल दोरा घरी ठेवायची सवय लावा. देवाला राग येत नाही. फिरत्या लेथला मात्र दोरा पुरतो. हातमोजेही फिरत्या मशीनवर नकोत, हे उलट वाटतं पण खरं आहे. मुलगी असेल तर वेणी टोपीत. ओळखीतली एक मुलगी टर्नरला आहे, तिची आई रोज सकाळी अंबाडा घालून जाळी लावून देते, कॉलेजातल्या गॅदरिंगला जावं इतक्या थाटात. वर्कशॉपचे कपडे वेगळे धुवा, त्यात कीस असतो. घरी आल्याबरोबर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावा. कटिंग ऑइलने कातडीला पुरळ येतं.

आणि कागदपत्रं! इथे आपल्या मराठी घरांची एक खास डोकेदुखी आहे. आपण मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतो, मध्य प्रदेशात ती चाल नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव-आडनाव, आधारवर तिन्ही, राज्याच्या समग्र आयडीवर आणखी तिसरंच. एका ओळखीच्या मुलाचं प्रमाणपत्र या पायी महिनोन्‌महिने लटकलं आणि दुरुस्तीसाठी त्याला या टेबलावरून त्या टेबलावर हिंडवलं. सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव आणि जन्मतारीख करून घ्या, आणि ते प्रवेशाआधी करा. संस्था खाजगी असेल तर तुमच्याच ट्रेडला केंद्राची संलग्नता आहे ना, तेही विचारा. बोर्डावर लिहिलेलं पुरेसं नाही.

दहावीचे गुण पुरून टाकायची घाई करू नका. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथेच आहे, आणि तिच्या अप्रेंटिसच्या निवडीला लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआय यांच्या गुणांवर यादी लागते. म्हणून आयटीआयमध्ये ‘नुसतं पास झालं तरी चालतं’ असं घरात कोणी म्हणू नये. आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला २०१९च्या नियमांप्रमाणे महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं. रक्कम थोडी आहे, ती घरखर्चात धरू नका. त्याची त्याला राहू द्या. धोक्याच्या कामांना अप्रेंटिसचं वय १८ लागतं, त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी दाखल झालेल्या मुलाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीसाठी थोडं थांबावं लागेल, हेही हिशेबात ठेवा.

रात्री जेवताना ‘अभ्यास झाला का?’ विचारू नका. ‘आज कोणता जॉब होता?’ असं विचारा. उत्तर कळलं नाही तरी पुन्हा विचारा, तो चित्र काढून दाखवील. आणि पाहुण्यांसमोर ‘सध्या आयटीआय करतोय, पुढे बघू’ हे वाक्य बंद करा. फिटर आहे म्हणा.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस मुलाला घेऊन आयटीआयचं वर्कशॉप बघून या. व्हाइस किती आहेत, एका व्हाइसवर किती पोरं आहेत, कानशींना दात शिल्लक आहेत का, मुठी बसवलेल्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा. लेथच्या बेडवर तेल असेल तर प्रवेश घ्या. धूळ असेल तर दुसरं आयटीआय शोधा.