मांजराच्या पिल्लाला किती आणि किती वेळा?

४ आठवड्यांपर्यंत : आईचं दूध. आई नसेल, तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर कोमट पाण्यात कालवून दर २ ते ४ तासांनी पाजा. पिल्लू पालथं ठेवा. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं.

४ ते ८ आठवडे : पिल्लांचं खाद्य भिजवून, मऊ करून, थोडं थोडं ४-५ वेळा.

२ ते ४ महिने : ४ वेळा.

४ ते ६ महिने : ३ वेळा.

६ ते १२ महिने : २ ते ३ वेळा.

माप : पाकिटावरच्या तक्त्यात वजनानुसार दिवसाचं प्रमाण दिलेलं असतं. ते सकाळीच मोजून वेगळं काढा आणि दिवसभरात वाटून द्या. पहिले काही महिने आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वजन वाढायला हवं. वाढ थांबली किंवा पिल्लानं खाणं सोडलं, तर लगेच पशुवैद्य गाठा.

हे टाळा : गाई-म्हशीचं दूध (जुलाब होतात), कांदा-लसणाचा रस्सा, शिजवलेली हाडं. नुसत्या दूध-पोळीनं पोट भरतं, पण मांस-मासळीतलं टॉरिन मिळत नाही. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय निकामी होऊ लागतात.