चौक आणि त्याभोवतीची चार घरे

बीजिंगच्या जुन्या वस्तीतील गल्लीतून जाणाऱ्या माणसाला घरे दिसत नाहीत, दिसतात त्या केवळ भिंती. राखी रंगाच्या विटांच्या या भिंतींना गल्लीकडे सहसा खिडक्या नसतात. मधूनमधून एखादा लाल अथवा काळा दरवाजा लागतो. तो उघडा असला तरी आतले काही दिसत नाही, कारण दरवाजासमोरच एक आडभिंत उभी असते. पाहुण्याने तिला वळसा घातल्यावाचून घराचे दर्शन व्हावयाचे नाही. घराने रस्त्याकडे पाठ फिरवून आपले मुख आकाशाकडे केले आहे, असे या वास्तूचे थोडक्यात वर्णन करता येईल.

या घराला चिनी भाषेत सिहयुआन म्हणतात. ‘सि’ म्हणजे चार, ‘ह’ म्हणजे एकत्र येणे आणि ‘युआन’ म्हणजे चौक. चौकाच्या चार बाजूंना चार स्वतंत्र इमारती असतात. महाराष्ट्रातील वाडा किंवा केरळातील नालुकेट्टु पाहिलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. परंतु एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वाड्याचे सोपे कोपऱ्यांत एकमेकांना जोडलेले असतात, तर बीजिंगच्या चौकातील चारही घरे सुटी असतात आणि फार तर एखादी छपराची पडवी त्यांना सांधते. त्यामुळे चौक मोठा राहतो. उत्तरेकडील थंड प्रदेशात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

बीजिंग सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी मध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो; उन्हाळ्यात तोच साडेत्र्याहत्तर अंशांपर्यंत चढतो. मुख्य घर चौकाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून का बांधीत, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. हिवाळ्यातील कललेले ऊन खिडक्यांवाटे खोलीत दूरवर पोहोचते. उन्हाळ्यातील उभे ऊन छपराच्या वळचणीवरच अडते. उत्तरेची भिंत बंद असल्याने त्या दिशेचे बोचरे वारे आत शिरत नाहीत. रात्री झोपावयाचे ते ‘कांग’वर, म्हणजे पोटातून उष्ण धूर खेळविलेल्या विटांच्या ओट्यावर. उन्हाळ्यात सधन घरांतून चौकावर बांबूंचा सांगाडा उभारून चटयांचे छत घालीत आणि सायंकाळी ते गुंडाळून ठेवीत. खाली डाळिंबाचे झाड आणि मासे सोडलेले मोठे मातीचे भांडे असे. डाळिंब लावावयाचे ते दाण्यांसारखी संतती व्हावी म्हणून. नासपतीचे झाड मात्र टाळीत, कारण तिच्या चिनी नावाचा उच्चार ‘विरह’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो.

सूर्याने ठरविलेल्या या मांडणीवर कुटुंबाने आपली उतरंड चढविली. उत्तरेचे उबदार घर वडीलधाऱ्यांचे. पूर्व-पश्चिमेची घरे मुलांची व सुनांची. दक्षिणेकडील, चौकाकडे म्हणजे उत्तरेला तोंड केलेली आणि म्हणून सर्वांत थंड अशी ओळ पाहुण्यांची व नोकरांची. मोठ्या घरांत एकामागे एक दोन-तीन चौक असत. पहिल्या चौकातून आत जाण्यासाठी कोरीव लाकडी लोलक लटकणारे एक देखणे दुसरे दार असे. परका पुरुष या दारापर्यंतच येई आणि घरातील मुली सहसा त्याच्या बाहेर पाऊल टाकीत नसत. या वास्तूची आज जी स्तुती होते, तीत हे दार किती सुंदर होते एवढेच बहुधा सांगितले जाते.

राज्यसत्तेचा हातही घरापर्यंत पोहोचला होता. घराचे माप खणांत, म्हणजे दोन खांबांच्या रांगांमधील अंतरात मोजीत. मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) सामान्य प्रजाजनाच्या घराला तीन खणांहून अधिक रुंदीची मुभा नव्हती. पिवळी कौले सम्राटाची. प्रजेने राखी कौलांवर समाधान मानावयाचे. छपराचा भार लाकडी खांब व तुळया पेलीत, भिंती केवळ आडोशाच्या. म्हणून भिंत काढावी, हलवावी, नवी घालावी, तरी घर उभेच. पुढील काळात या गुणाचा उपयोग कोणाच्या कल्पनेत नसेल इतका झाला.

ही रचना फार जुनी आहे. शान्सी प्रांतातील फंगछू येथे १९७६ साली उत्खननात पश्चिम झौ काळातील, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, चौकाभोवती बांधलेल्या वास्तूचे अवशेष मिळाले. बीजिंगच्या गल्ल्यांची आखणी मात्र मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या राजधानीपासूनची, तेराव्या शतकातील. ‘हुतोंग’ हा गल्लीवाचक शब्दही बहुधा मंगोल भाषेतूनच आला. या गल्ल्या मुख्यतः पूर्व-पश्चिम धावतात. त्यामुळे ओळीतील प्रत्येक घराला दक्षिणेचे तोंड मिळते. दक्षिण चीनमध्ये हाच चौक आकुंचित होऊन पाणी व प्रकाश उतरविणारा जणू एक आकाशकूप बनतो, तर हनान प्रांतात तो जमिनीच्या पोटात खोदलेला आढळतो.

१९४९ नंतर एका कुटुंबाच्या घरात अनेक कुटुंबे आली. खण वाटले गेले, मध्ये आडभिंती उभ्या राहिल्या, एका नळावर अनेक चुली चालू लागल्या. २८ जुलै १९७६ रोजी तांगशान येथे भीषण भूकंप झाला. त्याच्या धक्क्यांच्या भयाने बीजिंगमधील लोकांनी चौकात तात्पुरते निवारे बांधले. ते पुढे मोडले गेले नाहीत. कोणाची चूल तेथे गेली, कोणाचे मूल तेथे निजू लागले. चौक भरून गेला आणि उरली ती एक अरुंद वाट. अशा घराला बीजिंगचे लोक ‘मोठा सरमिसळ चौक’ म्हणू लागले. ज्यांनी हे निवारे बांधले त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना जागा नव्हती.

हे सारे पाडून उंच इमारती बांधाव्यात, की वाचवावे? छिंगह्वा विद्यापीठातील वास्तुतज्ज्ञ वू लियांगयोंग यांनी तिसरा मार्ग सुचविला. सजीव देहातील पेशी जशा थोड्याथोड्या बदलतात आणि देह तोच राहतो, तसे शहर बदलावे, असा त्यांचा विचार होता. ज्युअर हुतोंग येथे १९९० साली त्यांच्या योजनेचा पहिला टप्पा पुरा झाला. दोन-तीन मजल्यांच्या, पांढऱ्या भिंतींच्या व राखी कौलांच्या इमारती चौकांभोवती रचलेल्या. जुनी झाडे जागच्या जागी. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर. चौक राहिला, पण उतरंड गेली. या कामाला १९९२ सालचा जागतिक अधिवास पुरस्कार लाभला. तथापि नव्या घराच्या किमतीचा वाटा ज्यांना उचलता आला नाही, अशी अनेक मूळची कुटुंबे तेथे परतली नाहीत. वास्तूची परंपरा राखताना शेजाराची परंपरा तुटते, हा प्रश्न या उत्तम प्रयोगालाही सुटला नाही.

त्यानंतरच्या दोन दशकांत बीजिंगमधील असंख्य हुतोंग भुईसपाट झाले. चिनी स्थापत्याचा इतिहास सिद्ध करणारे ल्यांग सछंग ज्या चौकाच्या घरात राहिले, तेही २०१२ च्या आरंभी पाडले गेले. २०१७ साली मंजूर झालेल्या नगर आराखड्याने जुन्या शहरातील पाडापाड थांबविण्याचे धोरण स्वीकारले. पण तोवर पुष्कळ गेले होते, आणि जे चौक उरले त्यांतील कित्येक आता श्रीमंतांची निवासस्थाने वा पाहुण्यांची विश्रामगृहे झाली आहेत.

छाअर हुतोंगमधील आठ क्रमांकाच्या चौकात वास्तुकार झांग क यांनी निराळा प्रयोग केला. रहिवाशांनी चौकात बांधलेल्या ओबडधोबड चुली व खोपटी त्यांनी पाडली नाहीत; तीही या घराच्या इतिहासाचा एक थर आहेत, असे मानून त्यांची डागडुजी केली. एका जुन्या मोठ्या वृक्षाच्या सान्निध्यात त्यांनी अवघ्या नऊ चौरस मीटरचे मुलांचे वाचनालय उभारले; त्याच्या काँक्रीटमध्ये चिनी शाई मिसळली असल्याने त्याचा रंग जुन्या राखी विटांशी जुळून जातो. एका पडक्या स्वयंपाकघराची लहानशी कलाशाळा झाली. २०१६ साली या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. गल्लीतील मुले शाळा सुटल्यावर येथे येऊन पुस्तके वाचू लागली. छपरावर चढून ती झाडाच्या फांद्यांशी बसत, आणि त्याच चौकात वृद्ध रहिवाशांचा संसारही चालू राहिला.