पांढरी सकाळी, गुलाबी रात्री

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "ती बारीक पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. दहा वर्षं घेतेय, पाठ आहेत मला." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. अहो, तुम्हाला पाठ आहे तो रंग, औषध नव्हे!

गोळीचा रंग आणि आकार कंपनी ठरवते. तेच औषध, तितकंच मिलिग्रॅम, एका कंपनीचं पांढरं तर दुसरीचं गुलाबी असू शकतं. माझ्या आत्याला दवाखान्यातून घरी सोडताना रक्तदाबाची गोळी दुसऱ्या ब्रँडची लिहून मिळाली. घरात जुनी होतीच. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणजे औषधंही वेगळी असं समजून तिने पंधरा दिवस दोन्ही घेतल्या. घोटे सुजले, उठलं की चक्कर. शेवटी ती गोळ्या ठेवते तो श्रीखंडाचा जुना डबा मी पलंगावर उपडा केला. दोन्ही पट्ट्यांवर मूळ नाव एकच, ॲम्लोडिपिन, 5 मिलिग्रॅम. तिसरी पट्टी दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली. तिच्यावर नुसतं 'पिन' उरलेलं, एक्सपायरीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेली.

यापेक्षाही घातक चूक होऊ शकते. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि त्याच्या जोडीला बहुधा फॉलिक ॲसिड दिलेलं असतं. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या असू शकतात. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा.

म्हणून यादी करा. मूळ नाव, ब्रँड, मिलिग्रॅम, वेळ, कशासाठी आणि कुणी दिलं, एवढं एका कागदावर मावतं. औषधांच्या चुका कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली मोहीम सुरू केली, तीही रुग्णाला यादी ठेवायला सांगते. एकच मूळ नाव दोनदा दिसलं तर गोळी मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दुकानात पूर्ण पट्टी मागा. 1 ऑगस्ट 2023 पासून भारतात 300 ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात मूळ नाव, बॅच आणि मुदत असते. कापलेल्या तुकड्यावर तो सापडेलच असं नाही.

यादी करा म्हटलं की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "डॉक्टरांकडे सगळी नोंद असते." हृदयाच्या डॉक्टरांना त्वचेच्या डॉक्टरांचं औषध तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार?

"काढा आणि व्हिटॅमिन म्हणजे काही औषध नव्हे." तेही यादीत लिहा.

"सकाळची राहिली, रात्री दोन घेते." घेऊ नका. राहिलेल्या गोळीचं काय करायचं, ते औषधागणिक बदलतं. डॉक्टरांना आधीच विचारून यादीत टिपून ठेवा.

"क्रोसिनने ताप उतरला नाही, वर डोलो घेतली." दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे, सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही असतं, आणि जास्त झालं की ते थेट यकृतावर जातं.